चुनखडक पाण्यातून घडतो तेव्हा पाण्यातून नेमकं जातं काय?

तुमच्याकडचा एक दगड पाण्यातून कसा आणि किती वर्षांत घडला असेल, असं तुम्ही विचारलंत. त्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. खनिजं विरघळलेलं पाणी आटलं की मागे चुनखडक उरतो, हे खरं का? तेच पाणी चुनखडक विरघळवून गुहा कोरतं आणि त्याच गुहेच्या छताला लवणस्तंभही लटकवतं, हे कसं? आणि तुमच्याकडचा बदामी, पट्ट्यापट्ट्यांचा, बारीक भोकं असलेला दगड किती वर्षांत तयार झाला असेल? तिसऱ्याचं ठाम उत्तर दगड न बघता कुणीच देऊ नये. पण पहिले दोन सुटले की तिसऱ्याचा अंदाज तुम्हालाच बांधता येईल.

माझं बहुतेक काम कार्बोनेट खडकांवर, म्हणजे चुनखडक आणि त्याच्या भाऊबंदांवर, झालं आहे. उघड्या कड्यांवर थर मोजायचे, नमुने आणायचे, त्यांचे ०.०३ मिलिमीटर जाडीचे पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बघायचे. नवा विद्यार्थी आला की त्याच्या डोक्यात हमखास तुमचंच चित्र असतं: पाणी उडालं, खनिज उरलं, खडक झाला. मिठाला हे चित्र चपखल बसतं, चुनखडकाला क्वचितच. म्हणून मी त्यांना प्रत्येक नमुन्यापुढे एकच प्रश्न विचारायला लावतो. खनिज बाहेर पडलं तेव्हा पाण्यातून गेलं काय? कधी पाणीच जातं, कधी वायू, कधी उष्णता. कधी तर काहीच जात नाही, एखादा जीव स्वतः मेहनत करून खनिज बाहेर काढतो. खडक दिसायला सारखे असले तरी या उत्तरावरून त्यांचा इतिहास पार बदलतो.

सुरुवात विरघळण्यापासून करू. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या नेहमीच्या खनिजाचं नाव कॅल्साइट. शुद्ध पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. कार्बन डायऑक्साइड अजिबात नसलेल्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम १४ मिलिग्रॅम. तेच पाणी साध्या हवेच्या संपर्कात राहिलं की आकडा ५० च्या आसपास जातो. आणि मातीतून झिरपलेलं असेल तर दोनशे-तीनशे मिलिग्रॅम सहज. मातीत मुळं आणि सूक्ष्मजीव सतत श्वसन करत असतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ टक्के असतो, तर मातीच्या कणांमध्ये अडकलेल्या हवेत एक टक्का किंवा त्याहूनही जास्त. हा वायू पाण्यात मिसळला की सौम्य कार्बोनिक आम्ल होतं, ते कॅल्साइटला विरघळवतं आणि पाण्यात कॅल्शियम व बायकार्बोनेट आयन उतरतात. ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. वायू वाढला की खडक विरघळतो, वायू घटला की खडक पुन्हा बाहेर पडतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा गाभा एवढाच आहे.

म्हणजे गुहेत होतं ते असं. मातीतला भरपूर वायू घेऊन पाणी फटींमधून उतरतं आणि वाटेत चुनखडक खात जातं. खात खात संपृक्त होतं, म्हणजे आणखी चुना विरघळवू शकत नाही, आणि एखाद्या पोकळीच्या छताशी येऊन थेंब बनून लटकतं. पोकळीतली हवा कुठून तरी बाहेरच्या हवेशी जोडलेली असते, त्यामुळे तिच्यात कार्बन डायऑक्साइड मातीतल्यापेक्षा बराच कमी. थेंबातला जादा वायू निसटतो आणि त्याच्या आधाराने विरघळून राहिलेल्या कॅल्साइटचा अतिशय पातळ थर छतावर बसतो. खोल गुहांमध्ये हवेची आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ असते. तिथे थेंब वाळायला वावच नाही, तरी लवणस्तंभ वाढतात. बाष्पीभवनाच्या कल्पनेला इथेच सुरुंग लागतो. वाढीचा वेग साधारणपणे वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आसपास. वर जंगल आहे की उघडा खडक, थेंब किती वेळाने पडतो, गुहेत हवा किती खेळते, यांवर तो बराच कमीजास्त होतो. गुहेच्या तोंडाजवळ, जिथे कोरडा वारा आत येतो, तिथे बाष्पीभवनही हातभार लावतं. पण तिथले निक्षेप, म्हणजे साचलेले थर, बहुधा ठिसूळ आणि खडबडीत असतात; आतले घट्ट, चमकदार स्फटिकांचे. एवढ्या फरकावरूनही पाण्यातून काय गेलं ते बऱ्याचदा ओळखता येतं.

याचा पुरावा तुम्हाला किटलीतही मिळेल. जड, म्हणजे चुना विरघळलेलं, पाणी एक उकळी येईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. पाणी जवळपास तेवढंच आहे, तरी तळाशी पांढरी खर धरते. वायू बाहेर गेला, चुना खाली बसला. शिवाय मीठ-साखरेच्या उलट, कॅल्साइट गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतं. म्हणजे तापवण्याचे दोन्ही परिणाम एकाच दिशेने जातात.

आता हीच गोष्ट उघड्यावर, मोठ्या प्रमाणात घडते ती झऱ्यांवर. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मॅमथ हॉट स्प्रिंग्ज हे गरम झरे आहेत. तिथलं गरम पाणी वर येताना जमिनीखालच्या प्राचीन चुनखडकातून जातं. खोलवरून आलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्यासोबत असतो, त्यामुळे ते भरपूर कॅल्शियम उचलतं. पृष्ठभागावर दाब सुटताच वायू भसाभस निघून जातो आणि पायऱ्यापायऱ्यांचे पांढरे निक्षेप बसतात. त्या खडकाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. तुर्कस्तानातलं पामुक्कले त्याच जातीचं. रोमजवळच्या तिवोलीचं ट्रॅव्हर्टाइन तर कोलोसियमच्या बांधकामात गेलं. मुखाशी ट्रॅव्हर्टाइन इतक्या वेगाने वाढू शकतं की पानं, काटक्या, कीटक त्यात जागच्या जागी बुजून जातात.

गंमत म्हणजे त्याच यलोस्टोनमध्ये ओल्ड फेथफुल या गरम कारंज्याभोवती चुना जवळजवळ नाही. तिथे साठतो तो सिलिकाचा खडक, सिंटर. कारण तिथलं पाणी रायोलाइट या सिलिकायुक्त ज्वालामुखी खडकातून येतं, आणि सिलिकाचा स्वभाव कॅल्साइटच्या अगदी उलट: गरम पाण्यात जास्त विरघळतो, थंड होताना बाहेर पडतो. इथे पाण्यातून उष्णता गेली. एकाच उद्यानात दोन ठिकाणं, दोन्हीकडचं पाणी गरम, दोन्हीकडचं खनिजयुक्त, आणि खडक मात्र वेगळे. म्हणून नुसतं ‘खनिजयुक्त पाणी’ म्हणून भागत नाही. पाणी कोणत्या खडकातून आलं आणि वर आल्यावर त्याचं काय झालं, या दोन्ही गोष्टी लागतात.

थंड पाण्यातला भाऊबंद म्हणजे ट्यूफा. क्रोएशियातल्या प्लिटविचे सरोवरांमधले बंधारे त्याचेच आहेत. पाणी धबधब्यावरून आपटतं तेव्हा त्यातला वायू सुटतो. वर शेवाळ आणि मॉस प्रकाशसंश्लेषणासाठी आणखी थोडा ओढून घेतात. चुना त्यांच्याच अंगावर बसतो. वनस्पती कुजून गेल्या की त्यांच्या देठांच्या जागी नळ्या आणि भोकं उरतात. तुमच्या दगडातल्या भोकांचं वर्णन वाचताना मला आधी हेच आठवलं. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातले ट्यूफाचे मनोरे मात्र निराळ्या वाटेने झाले. तिथे कॅल्शियम आणणारे झरे सरोवराच्या तळातून वर येतात आणि कार्बोनेटने भरलेल्या खाऱ्या पाण्यात मिसळतात. जिथे गाठ पडते तिथेच कॅल्शियम कार्बोनेट बाहेर. इथे पाण्यातून काहीच गेलं नाही, उलट भर पडली. १९४१ पासून सरोवराला येणारे ओढे लॉस एंजेलिसकडे वळवले गेले, पातळी उतरली आणि पाण्याखाली तयार झालेले मनोरे उघडे पडले. नुसते फोटो बघणाऱ्याला वाटतं की सरोवर आटलं म्हणून ते तयार झाले. कारण आणि परिणाम यांची इतकी सरळ उलटापालट दुसरीकडे क्वचित बघायला मिळते.

हे सगळं देखणं असलं तरी पृथ्वीवरच्या चुनखडकाचा फार मोठा वाटा समुद्रातला आहे. आणि तिथे तुमची कल्पना सगळ्यात जास्त अडचणीत येते. साधा हिशोब करून बघा. १००० मीटर खोल समुद्राचं पाणी पूर्ण आटवलं तर त्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर जेमतेम चार सेंटिमीटर बसेल. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं खनिज, साधारण पाऊण मीटर आणि मीठ बारा-तेरा मीटर. म्हणजे ५०० मीटर जाडीचा चुनखडक असा मिळवायचा तर दहा हजार किलोमीटरहून जास्त उंचीचा पाण्याचा स्तंभ आटवावा लागेल, आणि मधेमधे मिठाचे डोंगर उरतील. प्रत्यक्षात शेकडो मीटर चुनखडकाच्या थरांत बहुतेक ठिकाणी मिठाचा मागमूसही नसतो.

मग तो आला कुठून? समुद्राचं उबदार पृष्ठजल कॅल्साइटच्या बाबतीत मुळातच अतिसंपृक्त आहे, म्हणजे मावेल त्याहून जास्त त्यात विरघळलेलं आहे, उष्ण कटिबंधात पाच-सहा पट. तरी ते आपणहून सहसा साका धरत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचे आयन कॅल्शियमच्या पाचपट आहेत. ते वाढत्या कॅल्साइट स्फटिकाच्या पृष्ठभागावर लुडबुड करून त्याची वाढ रोखतात. फॉस्फेट आणि सेंद्रिय पदार्थही तेच करतात. ही कोंडी फोडतात ते सजीव. प्रवाळ, शिंपले, फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव, चुनायुक्त शैवाल, आणि कॉकोलिथोफोर नावाचे तरंगते सूक्ष्म शैवाल ऊर्जा खर्चून आपली कवचं बांधतात. मेल्यावर ती तळाशी जातात. इंग्लंडमधल्या डोव्हरचे पांढरे कडे ज्या खडूचे आहेत तो बहुतांशी कॉकोलिथोफोरच्या काही मायक्रॉनच्या चकत्यांचाच आहे. क्रेटेशियस काळाच्या उत्तरार्धात, म्हणजे सुमारे दहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तो हजार वर्षांना काही सेंटिमीटर अशा संथ गतीने साचला. माझ्या पातळ छेदांपैकी बहुसंख्य छेदांत कवचांचे तुकडेच दिसतात, कधी अख्खे, कधी पार झिजलेले.

मग समुद्रतळ सगळीकडे चुन्याने का माखलेला नाही, असा प्रश्न इथे पडेल. खोल पाणी थंड असतं, त्यावर दाब असतो आणि वरून पडलेलं सेंद्रिय द्रव्य तिथे कुजून कार्बन डायऑक्साइड सोडतं. तिन्ही गोष्टी कॅल्साइटच्या विरोधात. साधारण चार ते पाच किलोमीटरखाली, महासागरानुसार थोडं वरखाली, पडणारी कवचं साचण्याआधीच विरघळून जातात. त्या पातळीच्या वरच्या उतारांवर पांढरा गाळ आणि खाली तपकिरी-लाल चिकणमाती. आम्ल-वायूचा तोच खेळ, फक्त महासागराच्या मापाचा.

तरीही समुद्राचं पाणी स्वतःहून चुना टाकतच नाही, असं मी म्हणणार नाही. बहामा बेटांच्या उथळ, उबदार तटांवर लाटांनी हलत राहणाऱ्या कणांभोवती ॲरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या स्फटिकरूपाची, पुटं चढून दोन मिलिमीटरपेक्षा लहान गोल दाणे बनतात. त्यांना ऊइड म्हणतात. त्यातही सूक्ष्मजीवांचा हात किती, यावर आमच्यात अजून वाद आहेत. आणि फार मागे, कवचधारी प्राणी नव्हतेच तेव्हा, गोष्टच वेगळी होती. दक्षिण आफ्रिकेतल्या अडीच अब्ज वर्षांहून जुन्या कार्बोनेट खडकांत समुद्रतळावर थेट वाढलेल्या ॲरागोनाइटच्या पंख्यासारख्या स्फटिकांचे ठसे सापडतात. त्या समुद्रात पाण्यातून सरळ खडक होत होता. म्हणजे तुम्ही ज्या पुस्तकात ‘समुद्राच्या पाण्यातून चुनखडकाचा साका’ हे वाचलं ते सपशेल चूक नाही. आजच्या समुद्राला ते जवळजवळ लागू नाही, एवढंच.

आटण्याची खरी मक्तेदारी जिप्सम आणि मिठाची. १८४९ मध्ये उसिग्लिओ या रसायनशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राचं पाणी टप्प्याटप्प्याने आटवून क्रम नोंदवला: आधी थोडासा कार्बोनेट, मग मूळ पाण्याचा चौथा-पाचवा हिस्सा उरला की जिप्सम, दहावा हिस्सा उरला की मीठ, आणि अगदी शेवटी पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार. निसर्गातला सगळ्यात नाट्यमय नमुना त्याच समुद्रात आहे. साधारण ५९.७ ते ५३.३ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचा अटलांटिकशी संबंध आक्रसला आणि तळाशी काही ठिकाणी किलोमीटरहून जाड क्षार साचले. ‘ग्लोमार चॅलेंजर’ या संशोधन जहाजाने १९७० मध्ये तळात छिद्रं पाडली तेव्हा त्या क्षारांचे नमुने हाती आले. एकदा आटून एवढी जाडी येत नाही, हे वरच्या हिशोबावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. नवं पाणी पुन्हा पुन्हा आत येत राहावं लागतं.

डोलोमाइटबद्दल दोन शब्द, कारण तो दिसायला चुनखडकासारखाच आणि भल्याभल्यांना चकवणारा. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे थर आळीपाळीने रचलेले असतात. जुन्या खडकांत तो मुबलक, आजच्या समुद्रात दुर्मिळ. प्रयोगशाळेत साध्या तापमानाला तो करणं इतकं अवघड, की लिंटन लँड या भूवैज्ञानिकाने २५ अंशांवर हजारपट अतिसंपृक्त द्रावण ३२ वर्षं ठेवलं आणि डोलोमाइट आला नाही. १९९८ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइडो विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलं की द्रावण मधूनमधून असंपृक्त होऊन चुकीचे बसलेले अणू धुतले गेले, तर स्फटिक खूप वेगाने वाढतो. मला हे पटतं. भरतीओहोटीच्या सपाट किनाऱ्यांवर पाणी सतत खारट-गोडं होत असतं, आणि तिथेच आजचा थोडाफार डोलोमाइट मिळतो. जुन्या डोलोमाइटचा बराच भाग मात्र मूळ चुनखडकात मॅग्नेशियमयुक्त पाणी मागाहून शिरून झालेला आहे. पातळ छेदात कवचांच्या पुसट छायांवरून आरपार गेलेले समभुज चौकोनी स्फटिक दिसले की ते कळतं.

इथे आणखी एक मुद्दा, जो लोकप्रिय लेखांत बहुतेक वेळा गळतो. गाळ साचला म्हणजे खडक झाला असं नाही. चुन्याच्या ताज्या चिखलात निम्म्याहून जास्त जागा पाण्याचीच असते. त्याचा खडक पुन्हा पाणीच करतं. ॲरागोनाइटची कवचं हळूहळू विरघळतात आणि त्यातून सुटलेलं कार्बोनेट कॅल्साइट होऊन शेजारच्या कणांना सांधतं. खोल गाडले गेल्यावर कण एकमेकांना टेकतात तिथे दाबाखाली विरघळतात आणि शेजारच्या पोकळीत पुन्हा बसतात. पॉलिश केलेल्या फरशीत दिसणाऱ्या गडद, दातेरी रेषा या अशा विरघळण्याच्या खुणा, नाव स्टायलोलाइट. कधी हे लाखो वर्षं चालतं, तर उष्ण किनाऱ्यांवरच्या वाळूचा खडक, बीचरॉक, काही वर्षांत घट्ट होतो. त्यात काचेच्या बाटल्या अडकलेल्या सापडतात. त्यामुळे घट्टपणा बघून वय सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका.

आता तुमचा दगड. पट्टे आणि भोकं दोन्ही आहेत म्हणून माझा कल ट्रॅव्हर्टाइन किंवा ट्यूफाकडे आहे, पण आधी काही साध्या चाचण्या करा. नखाने ओरखडा उठला तर जिप्समचा संशय घ्या. काचेवर दगडानेच ओरखडा उठला तर तो बहुधा सिलिकाचा. मग वरची बरीचशी चर्चा बाद. नखाने नाही पण लोखंडी खिळ्याने सहज ओरखडला तर कार्बोनेट असण्याची शक्यता जास्त. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब, हातमोजे आणि चष्मा घालून: जोरात फसफसलं तर कॅल्साइट किंवा ॲरागोनाइट, आणि फक्त खरवडलेल्या भुकटीवर फसफसलं तर डोलोमाइट. आम्ल नसेल तर व्हिनेगर चालेल, पण बुडबुडे मंद येतात आणि भिंगातून बघावे लागतात.

त्यानंतर ताज्या फुटलेल्या बाजूवर भिंग धरा. पट्टे लहरी असतील, खालच्या पट्ट्याच्या उंचवट्यावर वरचा पट्टाही तसाच वळत असेल आणि भोकं नळीसारखी असतील, तर तो झऱ्याच्या किंवा ओढ्याच्या पाण्यातून बसला आहे. अशा वेळी वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढ शक्य आहे, म्हणजे तुमच्या हाताएवढा तुकडा काही वर्षांत किंवा शतकभरात झालेला असू शकतो. पट्टे दाट, भोकं जवळजवळ नाहीत आणि स्फटिक पट्ट्यांशी काटकोनात वाढलेले दिसले, तर तो गुहेतला असू शकतो आणि हिशोब थेट हजारो वर्षांवर जातो. असे नमुने पाच-सहा लाख वर्षांपर्यंतचे असतील तर युरेनियम-थोरियम पद्धतीने, म्हणजे युरेनियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासावरून, त्यांचं वय नेमकं काढता येतं. आणि पट्टे सरळ असून त्यात कवचांचे तुकडे दिसले, तर तो समुद्री चुनखडक. मग वय दगडाच्या तुकड्यावरून कळणार नाही, तो कोणत्या थरातून आला हे कळावं लागेल.

ताज्या बाजूचा जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि दगड ओढ्यात मिळाला, डोंगरउतारावर की फरशीच्या तुकड्यांत, एवढं कळवा. फरशीचा असेल तर एक सावधगिरी: विकताना ट्रॅव्हर्टाइनची भोकं बऱ्याचदा सिमेंट किंवा रेझिनने बुजवलेली असतात, तेव्हा आम्लाचा थेंब त्या भरावावर न टाकता दगडावरच टाका.